लांब्याची गाणी कुठल्या रकान्यात?

सुदाममामा गेल्याचं मला बडोद्याच्या वसतिगृहात कळलं. दुपार होती. मेट्रनबाईंनी खालून हाक मारली, ऑफिसातला फोन कानाला लावला तर पलीकडे आई. ती रडत नव्हती. "तुन्हा मामा गया वं..." एवढंच ती अहिराणीत म्हणाली, आणि मग नुसती खरखर. मी "येते" म्हणाले आणि खोलीत येऊन पिशवी भरायला लागले. अशा वेळी माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो म्हणतात. मला एक रकाना दिसत होता. सुरतेत उधन्याला हसमुखभाईंचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या कॅसेटच्या यादीतला, माझ्याच अक्षरातला. त्यात मी मामाच्या सांगण्यावरून एक शब्द लिहिला होता. तो चुकला हे मामाला गेल्या महिन्यात पटलं होतं, आणि "खोडून टाक" असं त्यानं मला सांगितलं होतं. मी खोडला नव्हता.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमचं घर डिंडोलीला, दोन खोल्या खाली आणि एक वर, वरची मामाची. लग्न त्यानं केलं नाही, का केलं नाही हे आमच्याकडे कुणी बोलत नसे. पांडेसऱ्यातल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये तो डिझाइन मास्तर होता. शिक्षण आठवीपर्यंत, तेही धुळ्याकडच्या गावात. पण कागदावरचं फूल कापडावर कसं उतरेल, कुठे ते स्वतःला शिवेल, कुठे सांधा दिसेल हे तो नुसतं बघून सांगायचा. मिलमध्ये याला 'रिपीट' म्हणतात: छपाईचा रोल एकदा पूर्ण फिरला की तेच डिझाइन पुन्हा सुरू होतं. चांगल्या मास्तरचं काम एवढंच की ते पुन्हा सुरू झालेलं कुणाला कळू नये.

इंग्रजी गाण्यांचा नाद त्याला एका जर्मन फिटरमुळे लागला. मिलमध्ये नवं मशीन बसवायला तो आला होता, दोन महिने राहिला. जेवणाच्या सुट्टीत मशीनखालीच पाठ टेकून पडायचा आणि छातीवर टेप लावायचा. मामा बाजूला डबा उघडून बसायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. जाताना फिटरनं मामाला सात कॅसेटची एक पिशवी दिली आणि काहीतरी म्हणाला, ते काय हे मामाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या सातांतल्या चार एकाच बँडच्या होत्या. पाच जणांचा बँड, एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. मध्येच बासरी, मध्येच नुसता ढोलासारखा ठोका, मध्येच सगळं थांबून एकटा पियानो. मामानं त्या कॅसेट झिजवल्या. माणसांची नावं त्याला वाचता येत नव्हती म्हणून कव्हरवरच्या फोटोवरून त्यानंच नावं ठेवली. गाणारा उंच, हडकुळा, म्हणून तो लांब्या.

मी इंग्रजी शाळेत जात होते. घरात तेवढी एकटीच. त्यामुळे मी बोलत नसे तरी वाचण्यासाठी मला बोलावलं जायचं: औषधाच्या बाटल्या, बँकेची पत्रं, आणि मामाच्या कॅसेटची कव्हरं. तो पलंगावर मांडी घालून बसायचा, मी खाली चटईवर. "काय लिखेल शे? खरं सांग हां माय," म्हणायचा. मला एखादा शब्द कळला नाही तर मी तसं सांगायचे. तो "बरं" म्हणायचा आणि पुढचं वाचायला सांगायचा. माझं सांगणं त्यानं कधी दुसऱ्याकडून तपासून घेतलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला, जिला शाळेत हात वर करायची भीती वाटायची, त्याचं केवढं वाटायचं ते आता लिहिताना कळतंय...

हसमुखभाई मामाचे मित्र झाले ते मामाचा टेप वारंवार बिघडायचा म्हणून. दुकानात पुढे दुरुस्ती आणि मागे दोन डेक जोडून कॅसेट भरून देण्याचं काम. हजिऱ्याच्या कारखान्यांतले बाहेरगावचे इंजिनिअर यायचे, मेडिकलची मुलं यायची. कुणी आपली कॅसेट द्यायचं, कुणी दुसऱ्याची भरून न्यायचं. त्यांच्यासाठी हसमुखभाईंनी एका जाड वहीत यादी करायला घेतली आणि अक्षर चांगलं म्हणून मामानं मला पुढे केलं. तीन रकाने होते. कॅसेटचं नाव, किती मिनिटं, आणि प्रकार. पहिले दोन मी भरायचे. तिसरा मामाचा. पॉप, रॉक, हार्ड रॉक, प्रोग्रेसिव्ह रॉक... हे शब्द त्याला एका मद्रासी इंजिनिअरनं शिकवले होते, पण कुठली कॅसेट कशात हे तो कानानं ठरवायचा. पुढे पुढे तोच इंजिनिअर येऊन विचारायला लागला, "मास्टर, इसमें से कौनसा लूँ?" मिलमध्ये मामाला खाली मान घालून बोलावं लागत असे. दुकानातल्या त्या स्टुलावर तो ताठ बसायचा.

प्रोग्रेसिव्ह कशाला म्हणायचं याची त्याची स्वतःची कसोटी होती. "आपल्या सुरतेत दोन जातीचा माल," तो सांगायचा. "एक ताका. कुठूनही कात्री घाल, दहा मीटर दे, पंधरा दे, कापड तेच. दुसरी साडी. साडीला अंग वेगळं, काठ वेगळा, पदर वेगळा. मधून कापून दाखव बरं कोणाला. आता गाणं लाव आणि कात्री घेऊन बस. कापता आलं तर ताका. नाही आलं तर प्रोग्रेसिव्ह." मेडिकलची मुलं हसायची, पण त्यांच्यातल्या एकानंही याहून बरी व्याख्या दिल्याचं मला आठवत नाही.

भांडण लागलं ते लांब्यावरून. त्यानं बँड सोडला आणि एकट्याची कॅसेट काढली. हजिऱ्याच्या एका इंजिनिअरकडे ती होती, त्यानं एका दिवसापुरती दुकानात दिली, हसमुखभाईंनी मामासाठी नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला ती भरली आणि मूळ परत केली. इंजिनिअरची पुढे बदली झाली. आता प्रश्न असा, की बँड प्रोग्रेसिव्ह होता हे तर ठरलेलं, पण एकट्या लांब्याची गाणी प्रोग्रेसिव्ह म्हणायची का?

"मास्तर, बँड छोडी दीधो एटले खलास," हसमुखभाई सोल्डरचा धूर फुंकत म्हणाले. "मिल छोडीने जे पोतानुं जॉबवर्क करे, एनुं कापड कंई मिलनुं कहेवाय?"

"हाथ तो वही है ना, शेठ," मामा म्हणाला. शेठ म्हणायचा तो चिडवायला. हसमुखभाईंच्या दुकानाला धड दारही नव्हतं, नुसतं शटर होतं.

"फॉरेननी कॅसेट तो मारो हाथ पण भरे छे. एटले हुं फॉरेनर थई गयो?"

रविवारी मामानं मला वर बोलावलं आणि ती बाजू लावली. नऊ गाण्यांची नावं मी मूळ कव्हरवरून उतरवून घेतली होती. पण गाणी मोजायला गेले तर मोजताच येईनात. एक संपायच्या आत दुसरं सुरू होत होतं, गिटार चालू असतानाच एकदम पियानो यायचा, शांत आवाजावर अचानक ढोल आदळायचा. पंचेचाळीस मिनिटं कुठे फट नव्हती. मामा उठून उभाच राहिला. "आयक! आयक! घाल कात्री! कुठे घालशी?" नावं नऊ आहेत असं मी हळूच म्हटलं. "काठालाही नाव असतं, पदरालाही असतं. साडी एकच!" दुसऱ्या दिवशी त्यानं मला दुकानात नेलं आणि तिसऱ्या रकान्यात 'प्रोग्रेसिव्ह रॉक' लिहायला लावलं. त्याच्यापुढे हसमुखभाईंनी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं. मामानं ते खोडरबरनं पुसलं. पुढल्या आठवड्यात पुन्हा होतं. असं सहा वर्षं चाललं. तिथला कागद इतका विरला होता की पलीकडच्या पानावरची शाई दिसायची.

बडोद्याला गेल्यावर माझ्या खोलीतल्या मुलीच्या भावानं परदेशातून तिच्यासाठी कॅसेट आणल्या, त्यात लांब्याची तीच होती. मी ती मागून घेतली, जवळजवळ न बोलताच, आणि रात्रीचं जेवण सोडून ऐकत पडले. पहिलं गाणं संपत आलं. आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, एखादा माणूस गाता गाता लांब चालत जावा तसा... आणि थांबला. मग काही नाही. चारेक सेकंद नुसती टेपची सळसळ. मग दुसरं गाणं, ज्याचा पहिल्याशी काही संबंध नव्हता. मला वाटलं कॅसेट खराब आहे. पण तिसरंही तसंच. नऊ गाणी, नऊ शेवट. कुठेही कात्री घाला.

आणि मला हसमुखभाईंचं बोट दिसलं. मी त्यांच्याजवळ बसून कितीतरी कॅसेट भरताना पाहिल्या होत्या. गाण्याचा आवाज उतरायला लागला की ते पॉझचं बटण दाबायचे आणि पुढचं गाणं सुरू झालं की सोडायचे. "आवाज धीमो थवा मांडे, एमां शुं सांभळवानुं? टेप नकामी जाय." त्यात ऐकण्यासारखं काय उरतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्या गावात चिंधीसुद्धा वाया घालवत नाहीत, तशी ते टेप वाया घालवत नसत. लांब्याची कॅसेट सत्तेचाळीस मिनिटांची होती आणि बाजू पंचेचाळीसची. त्यांनी सगळे शेवट कापले आणि सगळ्या फटी मिटवल्या. सांधे त्यांनी जोडले आणि मामानं त्यांना डिझाइन समजलं. सहा वर्षं हसमुखभाई ज्या गोष्टीविरुद्ध भांडत होते ती त्यांनीच बनवली होती.

मी मूळ कॅसेटवरून फटींसकट एक भरून घेतली आणि दिवाळीला घरी नेली. मामाचं लिव्हर बिघडलं होतं. पाय सुजले होते, मिल सुटली होती. दुकानात जाणं होत नव्हतं, तरी मेडिकलची दोन मुलं त्याला विचारायला घरी येऊन गेल्याचं त्यानं मला तीनदा सांगितलं. कॅसेट चार दिवस माझ्या पिशवीत राहिली. पाचव्या दिवशी मी ती तशीच परत नेली. एका आजारी माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं एक मत होतं. तेही मीच जाऊन काढून घ्यायचं का? असं मी स्वतःला विचारत होते, आणि दुसरीकडे त्याचं ते "खरं सांग हां माय" कानात होतं.

पुढे त्याचं दुखणं वाढलं तेव्हा मी दोन दिवसांसाठी आले. त्यानंच विचारलं, "काय लपाडी ऱ्हायनी वं तू? दिवाळीपासून पाहतोय." मी कॅसेट काढून दिली. काय आहे ते सांगितलं नाही, लावली. पहिलं गाणं संपून शांतता झाली तसा त्यानं हात वर केला, चालतं मशीन थांबवायला करतात तसा.

"टेप तुटली?"

"नाही मामा. असंच आहे ते. मूळ असंच आहे."

त्यानं हात खाली घेतला आणि नऊच्या नऊ गाणी ऐकली. मी खाली चटईवर बसून त्याच्या पायांकडे बघत होते, चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती. संपल्यावर मी त्याला बोटाची, पॉझच्या बटणाची गोष्ट सांगितली. मग पलंग हलायला लागला. मी घाबरून वर पाहिलं तर मामा हसत होता, आवाज न करता, पोट धरून.

"म्हणजे लांब्या प्रोग्रेसिव्ह नाहीच! आपला हसमुख शे प्रोग्रेसिव्ह!"

मग त्याला खोकला आला, मी पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "खोडी टाक ते." मी म्हटलं, राहू दे ना मामा, कुणाला कळणार आहे? तेव्हा तो थोडा रागावला. मिलमध्ये डिझाइन सरकलेला माल निघाला तर काय करतात माहीत आहे का, म्हणाला. फेकत नाहीत. दोन नंबरचा शिक्का मारून विकतात, घेणाराही खुशीनं घेतो. "पण एक नंबरना शिक्का मारना नही. मी कधी मारला नाही." आणि थोड्या वेळानं, "हसमुखला हळू सांग. त्यानं माझ्यासाठी टेप वाचवली होती..."

दुसऱ्या दिवशी स्टेशनला जाताना उधन्याहूनच गेले. दुकानाचं शटर उघडं दिसलं. आत तीन-चार गिऱ्हाइकं होती. एवढ्या माणसांपुढे एका मोठ्या माणसाला त्याची चूक सांगायची या कल्पनेनंच मी रिक्षात मागे सरकून बसले. परीक्षा झाल्यावर सांगू, असं ठरवून मी रिक्षा थांबवली नाही. महिन्याभरात आईचा फोन आला.

पाचव्या दिवशी हसमुखभाई घरी आले. पांढरे कपडे, काखेत यादीची वही. भिंतीला टेकून बसले, आईशी थोडं बोलले, मग मला जवळ बोलावून वही उघडली. खिशातून खोडरबर काढला आणि लांब्याच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह स्वतःच्या हातानं पुसलं. "मास्तर जीत्या, बेन," म्हणाले. "हवे हुं कोई दिवस नहीं पूछुं." आईनं पदर डोळ्यांना लावला. एक मित्र गेलेल्या मित्राला द्यायला जे होतं ते देत होता, आणि जाणाऱ्यानं ते घ्यायला आधीच नकार दिला होता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

ते मी दोन आठवडे तसंच बाळगलं. आईला सांगून पाहिलं, ती म्हणाली, "आता गेलेल्याचं काय काढतेस, असू दे त्याचं जिंकलेलं." पण मामाला जिंकलेलं नको होतं. तिसऱ्या रविवारी दुपारी, दुकानात कुणी नसतं त्या वेळेला, मी दोन्ही कॅसेट घेऊन गेले. माझी गुजराती शाळेच्या रिक्षात शिकलेली. तीत मी अडखळत सगळं सांगितलं. हसमुखभाईंनी सोल्डर खाली ठेवलं.

"मारी आंगळी?"

आधी त्यांनी फटींची लावली, मग आपली भरलेली. हेडफोन कानांवर दाबून सांध्यांपाशी थांबत गेले. दोन सांध्यांनंतर हेडफोन माझ्या कानाला लावला. प्रत्येक ठिकाणी अगदी बारीक 'टक' होतं. इतकी वर्षं मला तो ढोलाचाच भाग वाटायचा. "आ तो हुं छुं," ते म्हणाले. आणि मग मला अपेक्षित नव्हतं तसे चिडले. "ने मास्तरे मानी लीधुं? झगड्या विना? मने बोलावी न शक्या?"

"हसले ते," मी म्हणाले. "म्हणाले, लांब्या नाही, आपला हसमुख प्रोग्रेसिव्ह आहे."

हसमुखभाई एकदा हसले, मग डेकचं हेड पुसायच्या फडक्यानं डोळे पुसायला गेले आणि स्पिरिट झोंबून आणखी पाणी आलं. मी वही ओढून घेतली. तिसऱ्या रकान्यातल्या त्या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला 'रॉक' लिहिलं. कागद विरलेला असल्यामुळे पेन फार जपून चालवावं लागलं. "हवे बराबर," ते म्हणाले, आणि वही मिटून, "खोटुं हतुं त्यारे सारुं हतुं." चूक होती तेव्हाच बरं होतं, असं.

परवा बडोद्याला परत निघण्याआधी मी पुन्हा गेले होते. मेडिकलचा एक मुलगा कॅसेट भरून घ्यायला काउंटरला टेकून उभा होता. मागे दोन्ही डेक फिरत होते आणि हसमुखभाईंचं बोट नेहमीसारखं बटणावर होतं. गाणं उतरायला लागलं. बोट दबलं नाही. आवाज बारीक होत गेला. मुलगा म्हणाला, "अंकल, ऐसे तो आख़िरी गाना नहीं आएगा." हसमुखभाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "पूरुं थवा दे," म्हणाले. आवाज आणखी बारीक झाला, इतका, की आहे की नाही ते समजेना... मग खरंच थांबला. पुढचं गाणं सुरू होईपर्यंत आम्ही तिघंही त्या नुसत्या फिरणाऱ्या टेपकडे बघत उभे होतो.